पापुद्र्यांची पूड

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपल्यापैकी कोणी संतचरित्रावर बोलते, कोणी बालसंगोपनावर, कोणी लोणच्या-पापडांवर. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले व विषय विचारला. मी म्हटले, "झिर्कोनियम फॉस्फेट." त्यांचा वहीवरचा हात थांबला. त्या म्हणाल्या, "हे औषध आहे की खत?" मी म्हटले, "दोन्ही नव्हे. पण दोघांशी त्याचे नाते आहे." ते नाते काय, तेवढेच आज सांगायचे आहे.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. जे सांगणार ते माझ्या भाचीकडून समजून घेतलेले आहे. ती बडोद्याला रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली. सुटीत आली की मी पोळ्या लाटते आणि ती ओट्याशी उभी राहून सांगते. मला समजले नाही तर मी पुन्हा विचारते, आणि मला समजेपर्यंत तिला गरम पोळी मिळत नाही. त्यामुळे तिलाही सोपे करून सांगण्याची सवय लागली आहे!

आपण डाळ, दूध, अंडी असे जे पौष्टिक खातो, त्यातले लागेल तेवढे शरीराला लागते आणि उरल्यासुरल्याचा यकृतात युरिया तयार होतो. होय, तोच युरिया, जो आपण पोत्याने आणून वावरात टाकतो. शरीरातला आणि कारखान्यातला पदार्थ एकच. तो शरीराबाहेरही करता येतो हे १८२८ साली जर्मनीतल्या व्होलर नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिले. हा युरिया रक्तातून काढून लघवीवाटे बाहेर टाकणे हे आपल्या मूत्रपिंडांचे मोठे काम. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात. पण टाकून किती देतात? दीड-दोन लिटर. बाकीचे सारे शरीराला परत. अशी काटकसरीची गृहिणी आपल्या मंडळातही सापडायची नाही.

मूत्रपिंडे निकामी झाली की हे काम डायलिसिसच्या यंत्राकडून करून घ्यावे लागते. रक्त अगदी बारीक पोकळ नळ्यांतून फिरवतात. नळ्यांच्या बाहेरून क्षार घातलेले पाणी वाहते आणि रक्तातली घाण नळीच्या भिंतीतून त्या पाण्यात उतरते. हे पाणी मिनिटाला सुमारे अर्धा लिटर या वेगाने वाहत असते. चार तासांचा हिशेब करा: १२० लिटर! एका रोग्याला, एका वेळेस. तेही नळाचे पाणी चालत नाही. यंत्राने अतिशुद्ध केलेले लागते, आणि शुद्ध करतानाही बरेच पाणी वाया जाते. असे आठवड्यातून दोनदा, तीनदा. दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवले नाही तर जन्मभर.

आमच्या मोठ्या जाऊबाईंना हे तीन वर्षे करावे लागले. पहाटे पाचला घर सोडायचे, दिवे लागायला परत. एका उन्हाळ्यात आम्ही जात असू त्या ठिकाणी पाणी शुद्ध करायचे यंत्र बंद होते, टँकरही आलेला नव्हता. दुपारपर्यंत बाकावर बसून आम्ही तसेच परत फिरलो. वाटेत जाऊबाई म्हणाल्या, "अगं, माझ्यापायी एवढे पाणी गटारात जाते. तेवढ्यावर एखादी लिंबाची बाग जगली असती." त्यांच्या अंगावर सूज होती, श्वास लागत होता, आणि मनात विचार पाण्याचा. त्यांना जाऊन आता दोन वर्षे झाली. पण एक प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. मूत्रपिंड पाणी परत वापरते, मग यंत्राला ते का जमू नये? तेच पाणी धुऊन पुन्हा का वापरता येऊ नये?

भाचीला विचारले तेव्हा ती म्हणाली, "मावशी, हे जमलेले आहे." अवकाशयानातून माणसे पाठवायची तर सोबत नेलेले पाणी पुन्हा पुन्हा वापरावे लागते, म्हणून १९६० नंतर अमेरिकेच्या नासा या संस्थेने त्यावर पुष्कळ संशोधन करविले. त्याच संशोधनाच्या ओघात डायलिसिसचे वापरलेले पाणी धुण्याची युक्ती हाती आली आणि १९७३ च्या सुमारास "रेडी" नावाचे यंत्र निघाले. त्यात १२० लिटरच्या जागी सुमारे ६ लिटर पाणी पुरत असे. एक लहान कळशी म्हणा ना! तेच पाणी एका डब्यातून सारखे फिरत राही आणि धुऊन निघे. त्या डब्यातला मुख्य पदार्थ म्हणजे आपले आजचे झिर्कोनियम फॉस्फेट.

डबा उघडण्यापूर्वी जरा वावरात जाऊन येऊ, म्हणजे आतले सारे ओळखीचे वाटेल.

आपण पऱ्हाटीला युरिया टाकतो आणि लागलीच जोराचा पाऊस आला तर घरधनी हळहळतात, की खत वाहून गेले. का जाते? कारण नुसता युरिया मातीला धरता येत नाही. तो पाण्यात विरघळतो आणि पाण्याबरोबर चालू लागतो. पण दोन-चार दिवस सवड मिळाली तर मातीतले सूक्ष्म जंतू त्याचा अमोनिया करतात. गोठ्यात सकाळी नाकाला झोंबतो तो हाच वास. गुरांच्या मुतातला युरिया फुटून झालेला. या अमोनियाला पाण्यात विजेचा धन भार असतो आणि काळ्या मातीच्या कणांवर ऋण भार असतो. म्हणून माती अमोनियाला जवळ ओढून धरते आणि त्याच्या बदल्यात आपल्याजवळचा चुना, म्हणजे कॅल्शियम, सोडून देते. इंग्लंडमध्ये १८५० साली टॉमसन नावाच्या जमीनदाराने आणि वे नावाच्या रसायनतज्ज्ञाने हा अदलाबदलीचा व्यवहार प्रयोगाने दाखवला. अमोनियाचे खत मातीतून गाळले, तर अमोनिया वर राहिला आणि खाली कॅल्शियमचा क्षार उतरला. अगदी आपल्या भांडेवालीसारखे: जुनी साडी ठेवून घ्यायची आणि पातेले द्यायचे.

काळ्या मातीला हे साधते कशामुळे? तिच्या पापुद्र्यांमुळे. आपली माती डोळ्यांना भुकटी दिसते, पण तिच्यातल्या चिकणमातीचा प्रत्येक कण म्हणजे एकावर एक रचलेले अतिपातळ पापुद्रे. पावसात पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरते आणि जमीन फुगते. चैत्र-वैशाखात पाणी निघून जाते आणि पाय अडकावा एवढ्या भेगा पडतात. अमोनिया, पालाश, चुना हे सारे याच फटींतून मुक्कामाला असतात.

भगिनींनो, झिर्कोनियम फॉस्फेट हे त्याच रचनेचे, पण माणसाने हाताने घडवलेले. त्याचा पापुद्रा असा: मधोमध झिर्कोनियम धातूच्या कणांची एक पातळ ओळ, आणि तिच्या वर व खाली फॉस्फेट जडवलेले. प्रत्येक फॉस्फेटचे तीन हात झिर्कोनियमला धरून असतात आणि चौथा हात फटीकडे मोकळा असतो. त्या चौथ्या हातात हायड्रोजनचा एक कण. अमोनिया आला की हात हायड्रोजन सोडतो आणि अमोनियाला धरतो. आपण चिरोट्याच्या दोन पोळ्यांमध्ये साटा लावतो, तशी ही फटीतली जागा समजा. पण केवढी बारीक! एका पापुद्र्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर इतके थोडे की एका मिलिमीटरच्या जाडीत सुमारे तेरा लाख पापुद्रे मावतात. आपल्या चिरोट्याला सात-आठ सुटले तरी आपण सुगरण!

"मग डब्यात काळी मातीच का भरत नाहीत?" असे मी भाचीला विचारले होते. माती पाण्यात फुगून चिखल होते आणि वाट बंद करते, हे एक. दुसरे असे की वजनास वजन घेतले तर आपल्या मातीतल्या उत्तम चिकणमातीच्या पाच-सहा पट पदार्थ ही पूड धरू शकते. आणि ती आम्लातही सहसा विरघळत नाही.

आता डबा उघडू. त्यात थर आहेत, लोणच्याच्या बरणीसारखे. एका थरात कोळसा. पाण्याच्या फिल्टरमध्ये असतो तशा जातीचा. तो युरियाखेरीजची बरीच घाण धरतो. दुसऱ्या थरात "युरीएझ" नावाचे पाचक द्रव्य, जे युरियाचा अमोनिया करते. मातीत जंतू करतात तेच काम येथे हे करते. अमेरिकेतल्या सम्नर नावाच्या शास्त्रज्ञाने १९२६ साली हे द्रव्य आपल्या अबईच्या जातीच्या एका शेंगेच्या दाण्यांतून शुद्ध स्फटिकरूपात काढले आणि त्यासाठी १९४६ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. सम्नर यांचा एक हात सतराव्या वर्षीच गेलेला होता, हेही सांगून ठेवते. तिसरा थर आपल्या झिर्कोनियम फॉस्फेटचा. तो अमोनिया धरतो आणि रक्तात वाढलेले पोटॅशियमही धरतो. शेवटचा थर झिर्कोनियमच्या ऑक्साइडचा.

हा शेवटचा थर कशाला? मूत्रपिंडाच्या रोग्याला फॉस्फेट वर्ज्य असते, हे ज्यांच्या घरी पथ्य चालू आहे त्यांना ठाऊक आहे. रोग्याच्या रक्तातून आलेले फॉस्फेट, आणि पुडीतून थोडेफार सुटेल तेही, हा थर अडवतो. आणि गंमत पाहा, हे झिर्कोनियम ऑक्साइड आपल्याला मुळीच परके नाही. आपण अमेरिकन डायमंडच्या कुड्या घालतो ना, तो खडा म्हणजे झिर्कोनियम ऑक्साइडच, फक्त स्फटिक करून पैलू पाडलेले. डब्यातली पूड आणि कानातली कुडी एकाच माहेरच्या. ते माहेर समुद्रकाठचे. केरळ, तमिळनाडू, ओडिशा येथल्या किनाऱ्यांवरच्या जड वाळूत झिर्कॉन नावाचे खनिज सापडते; त्यातून झिर्कोनियम काढतात.

आता घडणीकडे येते, कारण खरी कसोटी तेथे आहे. झिर्कोनियमचा पाण्यात विरघळणारा क्षार घ्यायचा, त्यात फॉस्फोरिक आम्ल घालायचे, की लगेच पांढरा, खळीसारखा बुळबुळीत साका बसतो. तो धुऊन वाळवला की पूड तयार. पण ही पूड म्हणजे बिघडलेला चिरोटा. पापुद्रे आहेत, पण वेडेवाकडे, एकमेकांत गुंतलेले. बरीच वर्षे लोकांना एवढेच जमत होते. १९६४ साली अमेरिकेत अब्राहम क्लिअरफील्ड आणि जेम्स स्टाइन्स यांनी तोच साका कडक फॉस्फोरिक आम्लात पुष्कळ वेळ उकळत ठेवला. उडालेली वाफ थंड होऊन पुन्हा भांड्यातच पडेल अशी नळी वर लावलेली. अशा सावकाश शिजण्याने पापुद्रे सरळ होत गेले आणि चकचकीत, चपट्या कणांचे स्फटिक मिळाले. तूप एकदम गार केले तर चिकट गोळा होतो आणि सावकाश निवू दिले तर कणीदार होते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. येथे निववण्याऐवजी शिजवणे आहे, पण घाई सोसत नाही हे तेच. पापुद्र्यांची नेमकी मांडणी कशी आहे हे क्लिअरफील्ड आणि स्मिथ यांनी १९६९ साली छापून दाखवले.

आपल्या हातून पदार्थ झाला की आपण चव घेऊन पारख करतो. ही पूड चाखता येत नाही, मग पारख कशी? मुख्य तीन रीती भाचीने सांगितल्या.

पहिली क्ष-किरणांची. पुडीवर क्ष-किरण सोडतात. पापुद्रे सारख्या अंतरावर असतील तर किरण ठराविक कोनांतच जोराने उसळून येतात, आणि त्या कोनावरून अंतर काढता येते. पूड अर्धी सोडियमने भरली की ते अंतर जवळजवळ दीडपट होते. म्हणजे पापुद्रे दूर सरले आणि पाहुणा पाण्यासकट आत आला, याचा पुरावा. पावसात फुगणारी आपली जमीनच ती!

दुसरी रीत तापवून वजन करण्याची. नीट घडलेली १०० ग्रॅम पूड तापवत नेली तर आधी फटींतले पाणी जाते, सुमारे ६ ग्रॅम. मग पुष्कळ तापवल्यावर फॉस्फेटचे मोकळे हात एकमेकांत गुंतून आणखी तेवढेच पाणी बाहेर पडते. एकूण १२ ग्रॅम. घट याहून फार निराळी आली, तर समजावे की घडण चुकली किंवा धुणे अपुरे झाले.

तिसरी रीत मोजून अल्कली घालण्याची. थेंबाथेंबाने घालत जायचे आणि पूड किती पचवते ते पाहायचे. त्यावरून किती मोकळे हात आहेत ते कळते. हिशेबाने एक ग्रॅम पूड फार तर सुमारे १२० मिलिग्रॅम अमोनियाचे कण धरील. प्रत्यक्षात त्याहून कमी. डब्यात पूड किती घालायची, हे रोग्याच्या युरियावरून आणि या आकड्यावरून ठरते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डब्यासाठी अगदी रेखीव स्फटिक घेत नाहीत. थोडी कमी शिजलेली, रवाळ पूड घेतात. कारण रेखीव स्फटिकाच्या फटी इतक्या घट्ट असतात की अमोनियाला आत शिरायला वेळ लागतो, आणि रोग्याला तो वेळ नसतो. सर्वांत देखणे तेच सर्वांत कामाचे, असे नाही.

पारख कमी पडली तर काय होते, तेही सांगते. सुरुवातीच्या डब्यांत युरीएझ ज्यावर बसवत त्यात ॲल्युमिनियम असे. १९८० च्या आसपास लक्षात आले की ते थोडे थोडे पाण्यात उतरून रोग्यांच्या अंगात जात होते. पुढे १९९० नंतर ते यंत्र मागे पडले. डबा महाग, एकदाच वापरायचा, आणि पुडीने चुना व मॅग्नेशियमही धरल्यामुळे ते रोग्याला वेगळे परत द्यावे लागे. नव्या सुधारलेल्या यंत्रांचे प्रयत्न परदेशांत झाले व होत आहेत. आपल्याकडे सर्रास होते ते डायलिसिस मात्र १२० लिटर पाण्याचेच. म्हणून माझे भाषण ऐकून कोणी उद्या डॉक्टरांकडे हा डबा मागू नये!

मग हे सांगण्यात अर्थ काय? अर्थ असा, की हा प्रश्न सुटण्यासारखा आहे आणि तो सोडवण्याची विद्या आपल्या मुलींच्या आवाक्यातली आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांचा जन्म नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी घरातला. त्यांनी १९०६ साली आपल्या राज्यभर मुलांबरोबर मुलींनाही सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. त्यांच्या नावाचे विद्यापीठ १९४९ साली झाले. तेथल्या उपयोजित रसायनशास्त्र विभागात डॉ. उमा चुडासमा या बाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी झिर्कोनियम, टायटॅनियम, कथील अशा धातूंची फॉस्फेटे घडवून, मी आता सांगितली तशीच त्यांची पारख केली. झिर्कोनियम फॉस्फेटच्या पापुद्र्यांतून हायड्रोजनचे कण किती सहज सरकतात यावरचा त्यांचा एक निबंध २००७ साली बंगलोरच्या विज्ञान नियतकालिकात आला आहे. त्या कामाचा उपयोग डायलिसिसपेक्षा वीज निर्माण करणाऱ्या घटांकडे अधिक. पण पूड तीच आणि पारखही तीच.

आता आपल्या मंडळापुरते. २०१६ साली केंद्र सरकारने जिल्हा रुग्णालयांतून डायलिसिसची योजना जाहीर केली, गरिबांना ते मोफत. राज्याच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही त्याचा समावेश आहे. तेव्हा पैशासाठी कोणी उपचार सोडू नये. आधी चौकशी करावी. त्याहून बरे म्हणजे ती पाळी न येणे. मूत्रपिंडे बिघडतात ती मुख्यतः मधुमेहाने आणि रक्तदाबाने, आणि बराच काळ काही दुखत नाही. ज्यांना यांपैकी काही आहे त्यांनी वर्षातून एकदा रक्तातले क्रिएटिनीन आणि लघवीतले प्रथिन तपासून घ्यावे. कंबर दुखते, गुडघे दुखतात म्हणून दुकानातून गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाऊ नयेत. वावरात निंदणाला, सोंगणीला जाणाऱ्या बायांना हे विशेष सांगावे, कारण गोळी खाऊन कामावर जाणाऱ्या त्याच अधिक.

आणि एक विनंती. आपल्या वस्तीतून डायलिसिसला जाणारी घरे आपल्याला माहीत आहेत. ज्या दिवशी त्या घरची बाई रोग्याबरोबर जाते, त्या दिवशी तिच्या घरी चूल कोण पेटवते? आपण तीस-पस्तीस जणी आहोत. पाळी लावून घेतली तर महिन्यात एकीच्या वाट्याला एकच डबा येतो. या डब्यात ना कोळसा हवा ना झिर्कोनियम. चार पोळ्या आणि पथ्याची भाजी पुरे. चिटणीसबाईंनी वही काढली तर पहिले नाव माझे लिहावे.